मुंगीची दोन बोटं जागा

माझ्या बाइंडिंगच्या दुकानातून वेडीवाकडी कड असलेलं पुस्तक कधी बाहेर गेलं नाही, हे मी पस्तीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. घरात या खोडीची भरपूर टिंगल होते. धाकटा भाऊ म्हणतो, दादाचं चाललं तर तो उशीसुद्धा मशीनखाली घालून चौरस करेल. करा टिंगल, पण कड सरळ हवी.

त्याच भावाची मुलगी, साडेपाच वर्षांची, गेल्या वर्षी तीन दिवसांच्या तापात गेली. आम्ही तिला मुंगी म्हणायचो, कारण ती एका जागी ठरत नसे आणि येता-जाता काहीतरी उचलून नेत असे. आई टपाल कचेरीत, बाप बसवर, म्हणून शाळा सुटली की ती माझ्या दुकानात येऊन पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसायची. मला कात्रीकाका म्हणायची. अगं, माझ्याकडे कात्री नाही, कटिंग मशीन आहे, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती शहाण्यासारखी ऐकून घ्यायची आणि पुन्हा कात्रीकाकाच म्हणायची.

वर्ष भरायला आठ दिवस उरले होते तेव्हा भावजय एक जाड लिफाफा घेऊन दुकानात आली. आत मुंगीने काढलेली चित्रं होती, मोजून एकसष्ट कागद.

"भाऊजी, याचं एक पुस्तक करून द्या. सुटे कागद हातात घेतले की भीती वाटते, एखादा हरवेल."

मी हो म्हटलं. लिफाफा मात्र उघडला नाही. तिच्यासमोर उघडला असता तर माझी शोभाच झाली असती.

दोन दिवस तो फळीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मनाचा हिय्या करून घेतला. कागद माझ्याच दुकानातली रद्दी होती, छपाईत बिघडलेले, एका बाजूला मजकूर आणि दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूला ती रंगवायची. मी सगळे कागद छापील बाजू वर करून लावले. तिची चित्रं बघायची माझी हिंमत नव्हती, खरं ते सांगतो. औषधांची माहितीपत्रकं, गणिताची उदाहरणं, कुठल्याशा पंपाच्या आकृत्या, असलं काही डोळ्यांसमोर असलं की हात चालतो. पाठीकडून शिवलं, सरस लावला, वाळू दिलं. कागद लहानमोठे होते, म्हणून सर्वांत लहान कागदाच्या थोडं आत माप धरून मशीनखाली घातले. वरून जरासं गेलं, खालून चांगलं दोन बोटं गेलं. कात्रणं नेहमीसारखी गोणीत टाकली. पस्तीस वर्षांचा हात आहे, तो कुणाला विचारत बसत नाही.

पुठ्ठा चढवण्याआधी पुस्तक मांडीवर घेऊन पहिलं पान उलटून बघितलं. अख्खं पान कोरं होतं. अगदी तळाला काळ्या केसांचा एक झुपका होता, खाली माणूस नव्हतं. पुढच्या पानावर मांजराचे दोन कान. त्याच्या पुढे छत्रीचं टोक. तिची सगळी चित्रं खालच्या कडेला होती आणि ती कड मी कापून टाकली होती.

चित्रं खालच्या कडेला का, हे या जगात फक्त मला ठाऊक होतं. एकदा तिने नव्याकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात खडू घेऊन हात घातला होता. मी खेकसलो, "ए, वरचा कागद माझा. खालची दोन बोटं तुझी, ती मी तशीही कापून फेकतो." तिने लगेच दोन बोटं कागदावर आडवी ठेवून बघितली. "माझी बोटं की तुमची?" तिने विचारलं. "माझी," मी मोठ्या उदारपणे म्हटलं. त्यानंतर रद्दी कागद दिला तरी ती खालीच काढायची. मला वाटायचं, वा, पोरीला काय शिस्त लागली. खूश होतो मी स्वतःवर.

गोणी उपसावी, कुणाला कळायच्या आत सगळं जुळवून टाकावं, हा विचार माझ्या मनात आला. तो पुरता होतो न होतो तोच भावजय दारात उभी. जेवणाच्या सुट्टीत आली होती.

"झालं का बघायला आले," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. पुस्तक मी मांडीवर पालथं धरून ठेवलं होतं. "तुम्ही चित्रं बघितली असतील ना? मला एक विचारायचं होतं. ती सगळं खाली, कडेलाच का काढायची हो? शाळेच्या वहीतसुद्धा. धाकटं बाळ झाल्यावर मी तिला सारखी बाजूला हो, बाजूला हो करायचे. तिला वाटलं असेल का, की आता घरात आपल्याला जागा नाही?"

ती हे वर्षभर मनात घेऊन फिरत होती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी माझी इभ्रत शाबूत राहिली असती.

"तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे." आणि दोन बोटांचं सगळं सांगितलं. पुढचं सांगायच्या ऐवजी मी पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिने एकसष्टच्या एकसष्ट पानं उलटली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "कापलेलं कुठे आहे?"

कचेरीत फोन करून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही गोणी फरशीवर ओतली. दोन दिवसांचं कात्रण होतं, गुडघाभर. टपालातली पत्रं वेगळी करून करून तिचा हात असा तयार झालेला की रंगाचा ठिपका दिसला की पट्टी बाजूला पडायची. जुळवायचं काम माझं. पट्टीच्या पाठीवर मजकूर तर होताच. पानावर 'दिवसातून तीन' असं तुटलं असेल, तर 'वेळा' असलेली पट्टी शोधायची.

एका पट्टीवर टकला माणूस निघाला, हातात भलीमोठी कात्री.

"हे तुम्ही," ती म्हणाली.

"इतकेही कमी नाहीत माझे केस."

"आहेत."

आम्ही हसलो. मग ती रडायला लागली, कात्रणांच्या ढिगात बसून, डोळ्यांना पदर न लावता. वर्षभरात ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मीही रडलो. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

संध्याकाळपर्यंत सत्तावन्न पट्ट्या सापडल्या. चार नाहीत. खळीचा ब्रश पुसायला हाताला येईल ते कात्रण घ्यायची मला सवय. डब्यामागे वाळलेला एक गोळा होता, त्यात लाल रंग दिसत होता. सोडवायला गेलो तर लगदा झाला. तेही तिला सांगून टाकलं.

पुढचे चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. छापील बाजूने पातळ कागद लावून एकेक पट्टी जोडली. जिथे पट्टी नव्हती तिथे तेवढ्याच मापाचा कोरा कागद लावला. पानं पुन्हा खालीवर झाली, कुठलं लांब, कुठलं आखूड. मशीनकडे मी पाठ करून बसलो होतो.

वर्षाच्या दिवशी सकाळी पुस्तक त्यांच्या घरी नेलं. भाऊ बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी उभा होता, त्याच्याने बघवेना. भावजयीने टेबलावर ठेवून सावकाश पानं उलटली. माणसं, मांजर, छत्री, टकला काका, सगळे तळाला दाटीवाटीने उभे आणि त्यांच्या डोक्यावर पांढरं पान. कोरी पट्टी आली तिथे ती थांबली.

"ही त्या चारांतली?"

"हो."

तिने त्या पट्टीवर हात ठेवला, आणि मग तो वर नेला, पानाच्या मधल्या मोकळ्या भागावर.

"भाऊजी, तिने इथे काढलं असतं तर चाललं असतं ना?"

"चाललं असतं," मी म्हटलं. "रद्दीच कागद होते."