बाबांचा फ्लेक्स

घाटंजीत माझ्या रागाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. मी दीपा, साउंडवाली. लग्न असो, जयंती असो, कव्वालीचा सामना असो, मोठा आवाज हवा असेल तर लोक आमच्याकडेच येतात, पण येण्याआधी माझ्या भावाला फोन करून विचारून घेतात, "ताई आज कशी हाय?" तसा माझा राग साधा आहे. स्पीकरच्या टॉवरला कोणी सायकल टेकवली, कपडे वाळत घातले, टॉवरच्या सावलीत लेकरू झोपवलं, की तो येतो. एरवी मी बरी आहे.

धंदा बाबांचा. कडुलिंबाच्या फांदीला दोन भोंगे बांधून त्यांनी सुरुवात केली आणि 'बळीराम भोंगेवाले' हे नाव जन्माचं चिकटलं. आता भोंगे गेले. आता लोखंडी टॉवर उभा करायचा, चेनपुलीनं एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरच्या पेट्यांची माळ वर ओढायची आणि ती लोकांच्या डोक्यांहून उंच टांगून ठेवायची. एका माळेचं वजन दोन म्हशींइतकं भरतं. हे काम मी नागपूरला एका मोठ्या साउंडवाल्याकडे शिकले. बाबांना माझं मोजमाप कधी फारसं पटलं नाही. ते म्हणायचे, झाड काय मोजून उभं राहते का. पण पोरगी वर चढली की गावभर सांगत फिरायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यानंतर मायला घर खायला उठायचं, म्हणून ती दिग्रसला मावशीकडे जाऊन राहिली. मी दर आठवड्याला फोन करायची, "माय, घरी ये." ती म्हणायची, "येऊन काय करू?" भाऊ राजदीप समजावून थकला, मी रागावून थकले. मग जयंतीच्या कमिटीनं ठरवलं की यंदाच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात बळीरामदादांचा मोठा फोटो लावायचा. मंचावर मानाचे फोटो असतातच, त्यामुळे दादांचा फ्लेक्स स्पीकरच्या टॉवरवर. हे फोनवर ऐकलं आणि माय म्हणाली, "मंग येतो मी. पाहू, राहावंसं वाटलं त राहीन." टॉवरवर काही लावता येत नाही हे मी कमिटीला तेव्हाच सांगितलं होतं. मायला मात्र नाही सांगितलं. ती येते म्हणाली, तेवढ्यातच माझी बोलती बंद झाली होती.

जयंतीच्या दिवशी सकाळीच आम्ही बाजाराच्या मैदानात टॉवर उभा केला. जमीन काळी, उन्हानं भेगाळलेली. म्हणून पायांखाली जाड फळ्या घातल्या, चारही पाय बाजूला ताणले, पाण्यानं भरलेले ड्रम वजनाला ठेवले. मग आमची तपासणी. राजदीप खालून एकेक जागा पुकारतो, मी तिथं हात लावते आणि मगच 'लागला' म्हणते. पिन, पिनेची क्लिप, कडीचा बोल्ट, चेन, आणि चेन तुटलीच तर माळ धरून ठेवणारा वेगळा वायररोप. नुसतं बघून 'लागला' म्हणायचं नाही, हात लागला पाहिजे. सगळं झालं तेव्हा दुपार कलली होती. राजदीपला टॉवरजवळ बसवून मी मायला आणायला स्टँडवर गेले.

परत आलो तर टॉवरवर बाबा होते.

चांगला दोन माणसांच्या उंचीचा फ्लेक्स, टॉवरच्या अंगावर ताणून बांधलेला. पांढरा सदरा, पेनाचं टोपण खिशात, आणि फोटोग्राफरनं हसा म्हटल्यावर हसले होते तसे हसणारे. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. दोऱ्या मी नंतर पाहिल्या. माय रस्त्यातच थांबली. तिनं हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत, नुसती बघत राहिली. मग चपला काढून सतरंजीवर अगदी पुढं, टॉवरच्या समोर जाऊन बसली. कार्यक्रमाला अजून बराच वेळ होता. मैदानात बसलेली ती पहिलीच.

मी राजदीपला मागं ओढलं. "कोणं बांधला?"

"मीच बांधला," तो म्हणाला. "ताई, आजच्या दिवस राहू दे. माय कशी पाहून राह्यली पाह्य."

तेवढ्यात कमिटीचे इंद्रजीतभाऊ आले. माणूस भला, पण उत्साह आला की त्यांना कान नसतात. "दीपाताई, हा तुमच्या बापाचा मान हाय. आमच्या बापाचा फोटो लावून नाही राह्यलो आम्ही."

"भाऊ, टॉवर पेट्यांसाठी हाय. वारा टॉवरच्या सळयांमधून निघून जाते. फ्लेक्समधून कसा जाईन? थो सुपावानी धरून ठेवते. वावधन आलं त टॉवर फ्लेक्सच्या मागं जाईन, आन् पेट्या टॉवरच्या मागं."

"कुठचं वावधन? पान हलून नाही राह्यलं."

खरंच हलत नव्हतं. पण आमच्याकडे एप्रिलात निरभ्र आभाळातून वादळासारखं वावधन येतं आणि निम्म्या गावाच्या छपरांचे टीन उडवून नेतं, हे इंद्रजीतभाऊंनाही ठाऊक होतं. त्यांनी तोडगा काढला. आपल्याकडे सगळे काढतात तोच. "अर्धगोल भोकं पाडू फ्लेक्सले. वारा पास होते."

"त्यानं लय फरक पडत नाही," मी म्हटलं. "आन् भोकं कुठं पाडता? बाबाच्या तोंडावर?"

यावर राजदीप खाली बघायला लागला. मी शाळेच्या भिंतीवर लावू म्हटलं, तर इंद्रजीतभाऊ म्हणाले, भिंतीवर पिच्चरचं पोस्टर लावतात, माणसाचा मान नाही. मग ते रुसून मंचाकडे निघून गेले. मी राजदीपला म्हटलं, "काढ."

"मी नाही काढत. तुले काढाचा त तू काढ."

लहानपणापासून माझ्या एका शब्दावर उठणारा हा पोरगा. त्या दिवशी नाही उठला, आणि मला त्याचा रागही येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला दोष देणार?

मी मायजवळ गेले. "माय, उठ. मागं बस थोडी. मले वर जाचं हाय."

"कायले?"

"फ्लेक्स काढाचा हाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गाणे सुरू होईलोक राहू दे न. मंग काढजो."

हे मागणं किती लहान होतं! जन्मभर तिनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. गाणी सुरू होईपर्यंत मैदान भरलं असतं, सगळ्या बायाबापड्या लेकरांना घेऊन तिथंच पुढं बसल्या असत्या. मी नाही म्हटलं. ती हळूच उठली. मी टॉवरभोवती लांबून दोरी बांधली, सतरंजी दोरीमागं ओढली. मागं मंडपाची सावली होती, खुर्च्या होत्या, शेजारच्या बेबीताई तिला बोलावत होत्या. माय गेली नाही. दोरीला लागून उन्हातच बसली.

पट्टा बांधून मी वर चढले. राजदीपच्या गाठी पक्क्या होत्या, आमच्या घरात गाठ बांधायला बाबांनीच शिकवलं. एकेक सोडवत गेले. बाबांचा चेहरा माझ्या गुडघ्याशी होता, आणि वर एकटीच असल्यामुळे मी रडले. खालून घामच दिसला असेल. खाली आता माणसं जमली होती आणि जिभेला काही हाड नसतं. कोणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, "बापाचा फोटो पोरीनंच उतरवला बापा." कोणी म्हणालं, नागपूरला शिकून आली ना. दोरीनं फ्लेक्स सावकाश खाली सोडला, तेव्हा तो धरायला राजदीपच आला. मी उतरले, तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. त्यानं पुकारलं, मी हात लावला.

कार्यक्रम झकास झाला. गाणारी पोरगी खड्या आवाजाची होती, मागच्या रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ गेला. वारा आला नाही. वावधन सोडा, मंचावरच्या समईची ज्योतही हलली नाही. इंद्रजीतभाऊ दोनदा माझ्याजवळून गेले आणि दोन्ही वेळा आभाळाकडे बघून गेले. मी काय बोलणार? आमच्या धंद्यात बरोबर केलं ते कधी दिसत नाही. टॉवर पडला असता तर सगळ्यांना दिसला असता. नाही पडला, तर दीपानं उगीच तमाशा केला. मला याची सवय आहे, पण त्या संध्याकाळी ती सवय कामाला आली नाही. माय शेवटपर्यंत पुढंच बसून होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सकाळी तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. दिग्रसची गाडी दहाला. राजदीप सामान परत आणायला मैदानात गेला होता. फ्लेक्स अंगणात तसाच गुंडाळून पडला होता. तसा ठेवला तर तडे जातात, म्हणून मी तो उलगडला. सगळं अंगण बाबांनी भरलं. माय दारातून आली आणि कडेला बसली.

"काल वारा आलाच नाही," ती म्हणाली.

"नाही आला."

"राहू देला असता त टॉवर पडला असता का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! "बहुतेक नसता पडला," मी म्हटलं.

"मंग काहून काढला?"

"तू खाली समोर बसली होती, माय."

ती फ्लेक्सकडे बघत राहिली. "याचा फोटो दिसावा म्हणूनच त बसली होती मी तिथं."

मी उगाच फ्लेक्सवरची माती झटकत राहिले. मग रात्रभर मनात होतं ते विचारलं. "फोटो उतरवून राह्यली होती मी, मंग दोरीपाशी उन्हात कायले बसली? मागं सावली होती. बेबीताई बोलावत होत्या."

"अवं बाई," ती म्हणाली, जणू मी अगदीच बावळट प्रश्न विचारला होता. "थो त फोटो होता. तू वर लटकून राह्यली होती. तू उतरेलोक मी सावलीत कशी जाऊ?"

चौकातून हॉर्न वाजला. दहाची गाडी वळणावर नेहमी वाजवते. मी तिच्या पिशवीकडे बघितलं.

"जाऊ दे तिले," माय म्हणाली. उठली, आणि फ्लेक्सचं पलीकडचं टोक दोन्ही हातांनी धरलं. "घडी पाहून घाल. त्याच्या तोंडावर नको येऊ देऊ."