मनाईचे कोट

अनशेलची सगळी पुंजी चाळीस कोटांत अडकली होती, आणि मड क्रीकच्या खाणींतला एकही माणूस त्यांना हात लावत नव्हता. डोंगरावर बर्फ पडू लागलं होतं. आता कोट खपले नाहीत तर दुकानाला कुलूपच.

कोट झकास होते, उबदार लोकरीचे. पण कॉलर उसवून पाहिली तर आत लिननचं अस्तर. लोकर आणि लिनन एकत्र अंगावर घालायला ज्यू माणसाला धर्माची मनाई. विकण्याबद्दल देवाने काही म्हटलं नव्हतं, आणि अनशेलनेही खोदून विचारलं नव्हतं. म्हणून तो फाटक्या बंडीत कुडकुडत कोट विकायला बसला होता.

"शेठ, माल एवढा भारी, तर तुम्ही का नाही घालत?" ट्रेगिअर नावाचा धिप्पाड खाणकामगार दारातून ओरडला. मागची टोळी खिदळली.

समोरचा दुकानदार झेलिगही अनशेलच्याच मूळ गावचा, युरोपातल्या पोझेनचा, आणि त्याच धर्माचा. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तो मूग गिळून बसला. उलट स्वतःकडचा निव्वळ लोकरीचा कोट घालून दिवसभर रस्त्यावर मिरवत राहिला.

शेवटी अनशेलचं डोकं फिरलं. "घालत नाही, कारण आमच्या देवाची मनाई आहे! पाप लागेल मला, पाप!"



"मनाई?" ट्रेगिअरचे डोळे चमकले. "बघू बघू, कुठला तो कोट?"

मड क्रीकमध्ये चर्चला अजून छप्पर नव्हतं आणि गुत्त्यांना दार लावायला सवड नव्हती. पापाचा माल म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत सगळे कोट खपले.

दुसऱ्या दिवशी झेलिग बर्फात नुसत्या सदऱ्यावर उभा. "माझ्याकडचेही मनाईचेच!" त्याने खुशाल ठोकून दिलं.

"काल तर घातला होतास!" ट्रेगिअर म्हणाला.

"म्हणून तर रात्रभर रडलो, भावा!"

हे लोकांना फारच आवडलं. दुपारी त्याच्याकडे एकच कोट उरला.

तेव्हा अनशेल रस्ता ओलांडून आला. खिसा गरम, अंग गार. निव्वळ लोकरीचा, त्याला घालता येईल असा अख्ख्या गावात तोच कोट उरला होता. "झेलिग, दे तो. दुप्पट देतो."

झेलिगने दाराकडे पाहिलं. ट्रेगिअरची टोळी नव्या कोटांत तिथेच उभी.

"तुला? हा कोट? धर्म बुडवतोस काय!" तो गरजला. मग हळूच म्हणाला, "मलाही घालायचाय रे. पण आपल्यापैकी कोणी घातला तर ही मंडळी पैसे परत मागतील."

ट्रेगिअरला गहिवरून आलं. त्याने टोपी काढली. "शेठ, तुम्हाला असल्या मोहात ठेवणं बरं नव्हे," म्हणत त्याने तोही कोट विकत घेतला.

रात्री दोघे अनशेलच्या शेगडीपाशी एकाच घोंगडीत बसले. झेलिगचे दात वाजत होते.

"ही निव्वळ लोकरीचीच आहे ना रे?"

"खोदून विचारू नकोस," अनशेल म्हणाला आणि घोंगडी स्वतःकडे ओढली.