वाढत्या मापाची सायकल

"उतर खाली. परत बस बरं," सटवा म्हणाला.

सुकन्या पुन्हा सायकलवर चढली. सीट पार खाली दाबली होती, तरी हँडल गाठायला तिला पालथं पडल्यागत अंग ताणावं लागत होतं. अंगणातल्या दोन चकरांतच तिच्या मानेत कळ आली, बोटांना मुंग्या आल्या. विद्यापीठाच्या संघाची निवड परवावर आली होती. आजवर ती कॉलेजातल्या सरांच्या सायकलीवर शर्यती मारायची. ही रेसची सायकल पहिलीच तिची स्वतःची, बापानं अंबाजोगाईहून कुणाला न विचारता आणलेली.

"लई दुखतंय का, माय?"

"न्हाई आबा. होईल सवय."

सटवा ओसरीवर टेकला, उठला, मेंढरांत जाऊन आला, पुन्हा टेकला. मेंढरामागं उघड्यावर राहून छपराखाली त्याला तसंही बसवत नसे, त्यात लेक खोटं बोललेली.

"कावून एवढी मोठी आणली?" रतनबाईनं नवऱ्याला विचारलं. "दुकानदारानं उंची न्हाई इचारली?"

"इचारली की. मीच म्हणलं, वाढत्या मापाची दे."

रतनबाईला हसू फुटलं, पण नवऱ्याचं तोंड बघून ते थांबलं. "अवं, एकवीस वर्साची हाय ती."

दिवाळी झाली की सटवा मेंढरं घेऊन दूर मुलखात जायचा, तो मिरगाला परतायचा. येताना लेकीला फ्रॉक आणायचा. डोळ्यांपुढं जाताना पाहिलेली पोर असायची, त्यामुळं फ्रॉक हमखास आखूड व्हायचा. एकदा तो आखूड फ्रॉक कवटाळून ती दिवसभर रडली. तेव्हापासून चप्पल असो की स्वेटर, सटवा दोन बोटं मोठंच घेऊ लागला. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. या गड्यानं लेकीसाठी अंथरूणच मोठं घेतलं. पुढं पुढं सुकन्या बाह्या दुमडून कॉलेजात जायची, पण बापाला कधी बोलली नाही.

सकाळी बापलेक सायकल टेम्पोत घालून ती बदलायला दुकानात गेले. हँडलावरची हळद-कुंकवाची बोटं बघून दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या.

"पूजा झालेली माघारी घेत न्हाई, मामा. कोण घेईल ही?"

सटवानं पटक्याचं टोक ओढलं आणि रतनबाईनं लावलेली ती बोटं पुसायला घेतली. पुसताना त्याला फार वाईट वाटलं. सुकन्यानं मान फिरवली. दुकानदारानं ते पाहिलं आणि पुटपुटत आतून धाकट्या मापाची सायकल घेऊन आला.

सुकन्या बसली. कोपरं सैल वाकली, पाठ मोकळी झाली. "आबा, ही!" म्हणत ती रस्त्याला लागलीसुद्धा.

"बघा हं मामा," दुकानदार हसून म्हणाला, "परत वाढली तर मी न्हाई बदलणार."

"न्हाई वाढायची आता," सटवा म्हणाला. "वाढायची तवा वाढली. आमी मेंढरामागं गेलतो."

दुकानदारानं स्टूल पुढं केलं, पण तो बसला नाही. सुकन्या वळणाआड गेली होती. हळदीनं पिवळं झालेलं पटक्याचं टोक मुठीत धरून तो तिकडंच बघत उभा राहिला.