नववं गाणं

दोघा भावांच्या बँडची रेकॉर्ड आली. स्टुडिओत गायलेल्या नऊ गाण्यांची मिळून एकच गोष्ट होती, त्यांच्याच घरातली. बारा वर्षांपूर्वी बाबांचं दुकान जळलं ते धाकट्याच्या सिगारेटने, पण आळ आला थोरल्यावर, आणि धाकट्यासाठी त्याने तो ना नाकारला, ना कबूल केला. आठव्या गाण्यात थोरला "मीच जाळलं" म्हणतो, नवव्यात धाकटा खरं सांगतो. ते गाताना धाकटा असा रडला, की ड्रमवर बसलेला थोरला भरून पावला.

बाबांसमोर रेकॉर्ड लावली. आठवं गाणं संपलं आणि सुई नुसतीच खरखरत राहिली.

"नववं कुठाय रे?"

"फार लांबण लागत होती, दादा. काढून टाकलं," धाकटा कव्हर न्याहाळत म्हणाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! थोरला तोंड उघडणार, तोच बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बारा वर्षांत पहिल्यांदा.

"शेवटी कबूल केलंस, पोरा. बरं वाटलं."