थेंबवाल्या ताईंची शिकवणी

"वेट टू मी," इस्त्री फिरवता फिरवता ताई पुटपुटल्या. "प्लीज, वेट टू मी."

"फॉर!"

आवाज आतल्या खोलीतून आला. ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. लग्न होऊन त्यांना या घरात सहा महिने होत आले होते आणि नवऱ्याच्या लेकीनं आपण होऊन त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. तोही इंग्रजी, तोही खेकसून. तरी ताईंना बरं वाटलं.

"काय म्हणालीस गं?"

"वेट फॉर मी. टू नाही." दार किलकिलं झालं. "कधीची ऐकतेय. डोकं उठलं माझं."

दार पुन्हा लागलं.

ताई डोळ्यांच्या इस्पितळात कामाला होत्या. तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब पेशंटच्या डोळ्यांत घालायचे, डोळे मिटून रांगेनं बसलेल्यांना धीर द्यायचा, थोड्या वेळानं पुन्हा थेंब घालायचे, हे त्यांचं काम. हात इतका हलका, की लहान मुलंसुद्धा कुरकुरत नसत. सगळे त्यांना थेंबवाल्या ताई म्हणत. आता स्वागतकक्षात एक जागा निघाली होती. बसून काम होतं, आणि उभं राहून राहून ताईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. पण तिथे परमुलखातले पेशंट यायचे, म्हणून इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. दोनदा ताई तीत आपटल्या होत्या. शब्द यायचे, पण शब्दांमधली ती बारकी बारकी चिल्लीपिल्ली, ऑन, टू, फॉर, विथ, ऐन वेळी भलत्याच जागी जाऊन बसायची. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी होती.

दुसऱ्या संध्याकाळी ताई बटाटे सोलत होत्या. लेक पाणी प्यायला आली आणि माठापाशीच रेंगाळली.

"रागावलेल्या पेशंटबद्दल विचारतात का परीक्षेत?"

"विचारतात ना. ही इज अँग्री ऑन मी."

"ऑन नाही. विथ."

"असं कसं? माणूस आपल्यावर रागावतो ना? मग ऑनच की."

"मराठीत वर. इंग्रजीत रागावलं तरी विथ." मुलगी हसू दाबत म्हणाली, "का ते विचारायचं नाही. नियम शोधत बसलं की माणूस बुडतो. जोडी पाठ करायची, असं आई..."

ती थांबली. पेला पालथा घालून खोलीत निघून गेली.

ताईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. मुलीची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची, एवढंच ताईंना ठाऊक होतं. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा, हसतमुख माणूस. लेकीला 'सरकार' म्हणायचा, तिचे हुकूम झेलायचा. पण पहिल्या बायकोचा विषय त्यानं या घरात एकदाही काढला नव्हता. बापच बोलत नाही म्हटल्यावर लेकही बोलत नव्हती. ताईंनी विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

मात्र शिकवणी सुरू झाली. कुणी ठरवली नाही, तरी रोज संध्याकाळी ओट्यापाशी भरायला लागली. ताईंचे हात कामात आणि सरकार डब्यांच्या फळीला टेकून उभ्या.

"तुमच्या घरच्यांबद्दल सांगा."

"आय ॲम मॅरिड विथ..."

"अहो, विथ म्हटलं तर बाबांना बरोबर नेऊन दुसऱ्याच कुणाशी लग्न लावलंत असं वाटेल! मॅरिड टू."

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मुलगीही हसली. मग म्हणाली, "आईनं हे एका काकांना सांगितलं होतं. ते शिकवणीला यायचे. लाजून लालेलाल झाले होते."

या खेपेला ती खोलीत पळाली नाही.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शब्दामागून आई यायला लागली. 'डिस्कस'च्या मागे अबाऊट लावायचं नाही, त्याला कुणाची सोबत लागत नाही, असं आई म्हणायची. 'लिसन'ला टू हवंच, नाहीतर कुणी ऐकत नाही, असंही. हळूहळू ताईंच्या लक्षात आलं, की आपल्याला शिकवतंय कोण. जिच्या ओट्यावर आपण पोळ्या लाटतो, जिच्या खिडकीत आपले कपडे वाळतात, ती बाई स्वतःच्या लेकीच्या तोंडून आपल्याला पास करायला बसली आहे. इस्पितळात थेंब घालताना ताई मनातल्या मनात जोड्या घोकायच्या आणि न पाहिलेल्या त्या बाईचे उपकार मानायच्या.

परीक्षेला चार दिवस उरले असताना गाडं अडलं.

"इन्सिस्ट," मुलगी म्हणाली.

"इन्सिस्ट... ऑन?"

"बरोबर. आईचं वाक्य होतं याचं. मजेदार वाक्य." तिनं डोळे मिटले, कपाळावर मूठ आपटली. "अरे, काय होतं ते? सगळे हसायचे."

"राहू दे गं. उत्तर आलं ना मला."

"राहू दे काय?" मुलगी एकदम भडकली आणि त्याच दमात रडायला लागली. "आधी तिचा आवाज आठवेनासा झाला. आता वाक्यंपण जायला लागली. कुणाला विचारू मी? या घरात कुणी बोलतं का तिच्याबद्दल?"

ताईंनी ओले हात पदराला पुसले, पण पुढे होऊन तिला जवळ घ्यावं की नाही, हे त्यांना कळेना.

"ही इन्सिस्टेड ऑन लिफ्टिंग द फ्रिज अलोन."

दोघींनी वळून पाहिलं. नवरा दारात उभा होता. खांद्यावरची हत्यारांची पिशवीसुद्धा त्यानं उतरवली नव्हती.

"माझ्यावरचंच वाक्य आहे ते," तो म्हणाला. "एकट्यानं फ्रिज उचलायला गेलो आणि कंबर धरून बसलो. आठवडाभर आतल्या खोलीत आडवा पडलेलो, आणि तुझी आई बाहेर पोरांना माझ्यावरून व्याकरण शिकवतेय! पोरं एकेक करून आत डोकावून मला बघून जायची."

मुलगी रडता रडता फिसकन हसली. तोही हसला. मग त्याची नजर ताईंकडे गेली आणि चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्यानं पिशवी खाली ठेवली, उगाच बूट सरळ करायला लागला.

"थांबलात का?" ताई म्हणाल्या. "पुढे सांगा ना."

"नको. तुला वाईट वाटेल."

"मला कशाला वाईट वाटतंय? त्यांच्याच तर शिकवणीला बसलेय मी."

मग त्यानं स्टूल ओढलं आणि सांगायला लागला. ती सायकल शिकताना कशी पडली, चहात साखर विसरून वर नवऱ्यालाच कशी दटावायची, लेकीचा पहिला दात पडला तेव्हा लेकीआधी तीच कशी रडली. मुलगी मधेच "नाही हो बाबा, ते तसं नव्हतं" म्हणत दुरुस्त्या करत होती. ताईंनी गॅस बारीक केला आणि जमिनीवर बसून ऐकत राहिल्या. आपण या घरात आलो ते आज, असं त्यांना वाटलं.

परीक्षेच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते. ताईंनी खोट्या पेशंटला दिव्याकडे बघायला सांगितलं, थेंबांची भीती घालवली, थोडं थांबायची विनंती केली. ॲट, ऑफ, फॉर, सगळे आपापल्या जागी बसले. मधल्या मॅडमनी खूश होऊन इंग्रजीतच विचारलं, की मागच्या वेळेपेक्षा खूपच फरक आहे, कुणी शिकवलं?

"माय डॉटर्स मदर," ताई म्हणाल्या.

मॅडम हसल्या. समजूत घालावी तशा मराठीत म्हणाल्या, "तुम्हाला नुसतं 'माय डॉटर' म्हणायचंय ना? मुलीनं शिकवलं?"

"मुलीनंही शिकवलं, मॅडम. पण मूळ शिकवण मुलीच्या आईची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

ताई पास झाल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं. परीक्षेच्या दिवशी मात्र त्या बाहेर आल्या, तर फाटकाशी बापलेक उभे.

"काही चुकलं?" मुलीनं लगेच विचारलं.

"एक वाक्य त्यांना चुकीचं वाटलं. मी बदललं नाही."

"कोणतं?"

ताईंनी सांगितलं. मुलीनं मान खाली घातली. मग तिनं ताईंच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली, आणि ताईंच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल अशा चालीनं त्यांच्या शेजारून चालायला लागली.