तिसऱ्यांदा न विचारता

मी छत्री बोलतेय. थांबा थांबा, पावसाची नाही हां! मी अख्ख्या विमानाची छत्री आहे. म्हणजे माणूस विमानातून उडी मारतो ना, तसलं पॅराशूट नाही. माझ्याखाली अख्खं विमान लटकतं, आतल्या माणसांसकट, त्यांच्या बॅगांसकट, आणि माझ्या वेळी तर लिंबाच्या वड्यांच्या ट्रेसकट! सांगते, सगळं सांगते.

माझा जन्म अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका कारखान्यात झाला. लोरेन नावाच्या बाईनं माझ्या दोऱ्या जोडल्या, घड्या घातल्या, आणि मग यंत्राखाली मला असं काही दाबलं की मी विटेसारखी घट्ट झाले. श्वास घ्यायला जागा नाही हो! पेटी बंद करताना तिनं वरून थोपटलं आणि म्हणाली, "जा बाई. आणि देव करो, तुझं कधी कामच न पडो."

आता सांगा, जन्मल्या जन्मल्या हा काय आशीर्वाद झाला? मला तेव्हा इतका राग आला होता! पण पुढे ज्यानं ज्यानं माझी काळजी घेतली, त्यानं हेच म्हटलं.

मला घेतलं लेलँडनं. लेलँड टॉलेफसन, जनावरांचा डॉक्टर, आता रिटायर झालेला. त्याच्याकडे चार जण बसतील एवढं पांढरं विमान होतं. मी मागे, सामानाच्याही मागे, अंधारात. शेजारी एक छोटं रॉकेट. वेळ आली की त्यानं मला खेचून बाहेर न्यायचं, एवढंच त्याचं काम. आणि वेळ आलीय हे आम्हाला कळवणार कोण? तर पुढे दोन सीटच्या मधे, छताला, एक लाल हँडल, आणि तिथून आमच्यापर्यंत आलेली तार. ते ओढलं की आम्ही सुटलो.

मला दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं. उडायच्या आधी लेलँड हँडलची पिन काढायचा आणि त्याची बायको मार्लिस शेजारी बसली की दरवेळी तेच सांगायचा.

"हे लाल हँडल. मला काही झालं तर ओढायचं."

"माहितीये रे. चाळीस वर्षं संसार केलाय, एवढं लक्षात राहतं माझ्या."

"आणि इंजिन बंद पडलं आणि खाली धावपट्टी नसली, तरी हेच. आधी हे. मग बाकीचं."

बघा, म्हणजे माणसाचं ठरलेलं होतं! पाठ होतं! मला वाटायचं, चला, आपण शहाण्या माणसाच्या हातात पडलो.

पण एक सांगू? इथली, मिनेसोटातली माणसं भयंकर भिडस्त आहेत. तुम्ही म्हणाल, म्हणजे किती? कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको नको". दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच कशाला त्रास". तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदी थोडी". आणि पितात मग दोन मोठे कप! लेलँड तर या बाबतीत सगळ्यांचा गुरू. एकदा त्याची गाडी बर्फात रुतली, तर बाजूनं जाणाऱ्या माणसाला म्हणाला, "छान चाललंय, तुम्ही व्हा पुढे."

आणि मग तो एप्रिलमधला शुक्रवार आला. दोघं लेकीकडून घरी परत येत होते. मार्लिसच्या मांडीवर लेकीनं दिलेल्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे. लेलँड कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होता. आणि इंजिन खोकलं. परत खोकलं. आणि मग काहीच नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा नुसता वारा ऐकू आला.

"लेलँड, काय झालं?"

"काही नाही. जरा नखरे करतंय." खट, खट, खट. त्याची बटणं वाजत होती.

"चालू होत नाहीये ना?"

"नाही वाटतं."

नाही वाटतं! माणूस आकाशात लटकलाय आणि म्हणतो नाही वाटतं!

खाली सगळं जंगल होतं. पण समोर एक मोठं तळं होतं, गोठलेलं, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

"तळ्यावर उतरतो," लेलँड म्हणाला. "लहानपणी बाबांच्या विमानातून कितीदा बर्फावर उतरलोय."

"तेव्हा जानेवारी असायचा रे! एप्रिल संपत आलाय. बर्फ पक्का असला की मासे पकडणारे त्यावर झोपड्या टाकतात, आता एक तरी दिसतेय का तिथे? एक तरी गाडी?"

"वरून तर पक्कं दिसतंय."

"हँडल ओढायचं का?"

"नको गं. विमान मोडेल उगाच. आणि मग फायर ब्रिगेडची पोरं धावत येणार. आज शुक्रवार, त्यांचा गावाला मासे तळून घालायचा दिवस, गावभर लोक जमलेले असतील. कशाला त्यांना उठवायचं?"

मी आत किंचाळत होते! अरे बाबा, मासे तळू देत त्यांना! मला उघडायला जागा लागते. उंचावर ओढलंस तर मी छत्री, जमिनीला टेकता टेकता ओढलंस तर मी नुसता कापडाचा बोळा. आणि वाऱ्याचा आवाज बदलत होता, आम्ही सरसर खाली चाललो होतो.

"लेलँड, ओढू या ना."

"जमेल गं. जमेल."

दोनदा झालं होतं. मला वाटलं, आता ती तिसऱ्यांदा विचारेल, तो "बरं, चालेल" म्हणेल, इथली रीतच आहे. पण तिसऱ्यांदा विचारण्याएवढी उंचीच उरली नव्हती. मार्लिसला ते कळलं. तिनं विचारलंच नाही. दोन्ही हात वर केले आणि हँडलला लटकली.

पण ते हँडल कडक असतं हो! मुद्दाम तसं करतात, चुकून ओढलं जाऊ नये म्हणून. ते थोडं हललं आणि अडलं. ती दात आवळून ओढत राहिली. आणि मग तारेतून मला जाणवलं, तिच्या हातांवर अजून एक हात आला. मोठा, जड, आयुष्यभर गाईंची अडलेली बाळंतपणं केलेला हात. तो कशासाठी आला, तिला थांबवायला की मदतीला, मला कळेना.

त्यानं ओढलं.

धडाम! रॉकेट सुटलं, पेटीचं झाकण उडालं, आणि मी बाहेर! बाप रे, केवढा उजेड! मी पहिल्यांदा आकाश बघितलं. आणि उघडले. सगळीच्या सगळी उघडले. लोरेनची एकही घडी अडकली नाही, एकही दोरी गुंतली नाही. बाई, जिथे असशील तिथे सुखी राहा! खाली विमानात दडवलेल्या माझ्या पट्ट्या त्याचं अंग उसवत बाहेर आल्या, एक मोठा हिसका बसला, आणि मग आम्ही हळूहळू डुलत उतरायला लागलो. आतून आवाज आला, "ट्रे धर, ट्रे धर!"

आम्ही पडलो तळ्याच्या अलीकडे, मेपलच्या झाडांच्या कडेला. चाकं मोडली, पंख वाकला, कुणाचं तरी कुंपण गेलं. गोड पाकासाठी त्या झाडांचा रस उकळत बसलेली एक बाई, बेव्ह तिचं नाव, हातातला झारा घेऊनच पळत आली.

"जिवंत आहात ना? लागलं का कुठे?"

"माफ करा हं," लेलँड दारातून वाकून म्हणाला, "तुमच्या कुंपणाचं नुकसान झालं."

"कुंपण गेलं खड्ड्यात! बाहेर या आधी!"

मार्लिस बाहेर आली आणि तिथेच चिखलात बसून हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. लेलँडची पाठ दुखत होती, तरी तो तिच्या शेजारी बसला. दोघांनी माझी कडा धरून ठेवली होती, का कोण जाणे. मला मात्र इतकं भारी वाटलं!

मोडलेलं विमान विम्याची माणसं घेऊन गेली. मला मार्लिसनं मागून घेतलं. पुढच्या शनिवारी विमानतळावरच्या कॅफेत शेजारचा डीन, तोही वैमानिकच, लेलँडला म्हणाला, "समोर तळं होतं की रे. मी असतो तर विमान वाचवलं असतं."

दोन दिवसांनी लेलँडनं डीनला गाडीत घातलं आणि तळ्यावर नेलं. मी डिकीत होते, डिकी उघडी होती. आणि बघते तर काय, बर्फ नव्हताच! निळं पाणी, लाटा, वर बदकं. त्या दिवशी वरून पक्कं दिसलेलं ते सगळं विरघळून गेलं होतं.

डीननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे तू बरोबर केलंस," तो म्हणाला.

"नाही," लेलँड म्हणाला. "मार्लिसनं बरोबर केलं. मी उशीर केला. इंजिन थांबलं तेव्हाच ओढायला हवं होतं. काय करावं ते मला माहीत होतं रे. मला फक्त कुणाला त्रास द्यायचा नव्हता."

आता मी परत विमानात जाऊ शकत नाही. एकदा उघडलेली छत्री परत वापरत नाहीत. पण वाईट वाटून घेऊ नका, मी मजेत आहे! इथे मे महिन्यातही एखाद्या रात्री इतकं गारठतं की टोमॅटोची रोपं काळी पडून मरतात. म्हणून मार्लिस मला त्यांच्यावर पसरते. आज तर भर दुपारीच बाहेर काढलंय.

तेवढ्यात डीन कुंपणापलीकडून ओरडला, "अगं मार्लिस, ऊन आहे अजून! गारठेलच कशावरून?"

"नाही गारठलं तर सकाळी घडी घालीन," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

मला एवढंच सांगायचंय तुम्हाला. तुमच्याजवळ एखादं लाल हँडल असेल, म्हणजे एखादा मित्र, एखादा डॉक्टर, रात्री उचलला जाणारा एखादा फोन, तर ते उंचावर असतानाच ओढा. आम्हाला त्रास होत नाही हो! आम्ही त्याचसाठी घड्या घालून बसलेलो असतो. नाही काम पडलं तर फारच छान.

बघा, डीन अजून तिथेच उभा आहे. आधी आभाळाकडे बघतोय, मग स्वतःच्या रोपांकडे. आता कुंपण ओलांडून आलाच!

"मार्लिस, ते कापड थोडं माझ्या बाजूलाही पुरेल का गं?"

पुरेल का म्हणजे काय? अख्खं विमान पेललंय मी! धर ते टोक, आणि ओढ.