भाकरीच्या ओळीतली माणसं

"...आमची रोजची भाकर आज आम्हांला दे," ज्योती म्हणाली, तिनं श्वास घेतला आणि न अडखळता पुढे निघाली, "वनाला दे, झुलालला दे, भिकुबाईला दे, जीवराम मिस्तरीला दे..."

फादर ऑस्वल्ड यांनी बोट वर केलं. ज्योती थांबली. तिच्या मते ती चुकली नव्हती, त्यामुळे फादरांना शिंक आली असावी असं समजून ती वाट पाहत उभी राहिली.

"ही कोण माणसं?"

"प्रार्थनेतली."

"कुठल्या पुस्तकातली?"

ज्योतीनं दाराकडे पाहिलं. दाराशी लोखंडी खुर्चीवर तिचे आजोबा, चिंधा आबा, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. पुस्तक ते होते.

उद्या रविवारी जळगावच्या त्या लहानशा चर्चमध्ये सहा मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. उद्याच आजी-आजोबांचा दिवसही होता. बिशपांचं परिपत्रक आल्यामुळे फादरांनी दोन्ही समारंभ एकाच मंडपात उरकायचं ठरवलं होतं. त्याआधी आज शनिवारी परीक्षा. पाच मुलं पास झाली होती. त्यातल्या एकानं दहा आज्ञांपैकी आठच सांगितल्या, पण उरलेल्या दोन त्याच्या वयाला लागू नाहीत म्हणून फादरांनी सोडून दिल्या. देवाच्या आज्ञा कमी केल्या तर चालत होतं. देवाच्या प्रार्थनेत भर घातलेली मात्र चालण्यासारखी नव्हती.

"आबा," फादर म्हणाले, "हे तुम्ही शिकवलं?"

"हां. माले मन्ही आजीनी शिकाडं."

फादर वसईचे. अडीच वर्षांत त्यांना अहिराणी कळू लागली होती, बोलता येत नव्हती. "पण छापील प्रार्थनेत ही नावं नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"छापीलमा कशी राहतीन?" आबांना प्रश्नच कळेना. "परतेक घरनी येगयेगळी राहतस ना!"

म्हणजे आबांची समजूत अशी होती, की पुस्तकात जागा नसते म्हणून नावं छापत नाहीत. ज्यानं त्यानं आपापली घालायची. रेशनच्या अर्जावर कुटुंबातल्या व्यक्ती आपणच लिहायच्या असतात, तसं. शहात्तर वर्षं ते अशीच प्रार्थना करत आले होते. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सगळे "आमेन" म्हणून मोकळे झाले, की आबा अजून मागे, 'मोहात पडू देऊ नको'च्या ओळीवर असत. लोकांना वाटे, म्हातारा सावकाश आहे. आबांना वाटे, लोकांच्या घरची माणसं कमी वारली असतील.

ही सुरुवात आबांच्या आजीनं केली होती. धुळ्याकडच्या एका गावी, आबांच्या जन्माच्या आधीच्या एका दुष्काळात, तिचा दोन वर्षांचा वना उपाशी गेला. पुढे मिशनचे फादर गावात आले आणि त्यांनी ही प्रार्थना शिकवली. भाकरीच्या ओळीवर आजीनं त्यांना थांबवलं आणि विचारलं, "आनि मना वनाले?" फादर परदेशी. त्यांना अहिराणी येत नव्हती. जे समजत नसे त्याला ते प्रेमानं मान हलवत. त्यांनी मान हलवली. धर्मसभेची परवानगी मिळाली ती अशी. मग घरात जो जो गेला, तो त्या ओळीत जेवायला बसला. आज तिथे अकरा जण होते. शेवटचं नाव शेवंताबाईचं, म्हणजे आबांच्या बायकोचं.

"हा जीवराम मिस्तरी, तो ख्रिस्ती होता?" फादरांनी विचारलं.

"नही. डाळमिलमा मिस्तरी व्हता. मी नवा लागनू, तैन्हा वरीसभर त्यानाच डबामा जेवू."

"मग तो प्रार्थनेत कसा?"

"भाकरनीच ओळ शे ना, फादर. दियेल व्हती त्यानी."

फादरांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. मृतांसाठी वेगळ्या प्रार्थना आहेत, त्यांच्यासाठी अख्खा नोव्हेंबर महिना राखलेला आहे, त्यांच्या नावानं मिस्सा सांगता येते, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. "पण ही प्रभूनं स्वतः शिकवलेली प्रार्थना आहे. मुलीला ती जशी आहे तशी यायला हवी. उद्या सकाळपर्यंत आली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी."

ज्योतीचा पांढरा फ्रॉक शिवून, इस्त्री करून पिंप्राळ्याच्या घरी टांगलेला होता. तिचे डोळे भरले.

आबा उठले. भिंतीवर उद्याच्या समारंभाचा फलक टेकवून ठेवला होता. त्यावर एक म्हातारा, एक म्हातारी आणि खाली अक्षरं: येशूचे आजी-आजोबा, संत ज्योकिम आणि संत ॲना. आबांनी ती बोट लावून वाचली.

"फादर, ह्या दोन्हीसना नावे बायबलमा कोठे शेतस?"

"बायबलमध्ये नाहीत," फादर म्हणाले.

"मंग?"

"परंपरेनं आली. लोकांच्या..." फादर थांबले.

"तोंडमा व्हतीन," आबांनी वाक्य पुरं केलं. "कोनी तरी म्हनत र्‍हायना व्हई."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. ते टोपी घालून, ज्योतीचा हात धरून निघाले. फादर त्या फलकाकडे बघत बसले, ते मंडपवाला तो न्यायला आत येईपर्यंत.

घरी सुनेनं, कामिनीनं, सगळं ऐकून घेतलं. "आबा, पुढच्या वर्षी झालं तर काय बिघडतं? तुम्ही कशाला जीवाला लावून घेता?"

"पुढला वरीस तुम्हना," आबा म्हणाले. "मन्हं आजनं बोला."

दुपारभर ते ज्योतीला घेऊन बसले. छत्तीस वर्षं त्यांनी डाळमिलमध्ये चाळणीवर काढली होती. डाळीतून खडा कसा काढायचा, हे त्यांना डोळे मिटूनही जमलं असतं. पण आज जे काढायचं होतं, ते हाताला खड्यासारखं लागेना. आपण आहोत तोवर ही नावं आपल्या तोंडी आहेत. मुलगा योगराज मिस्सेला नाताळात येतो, तोही उभा राहतो मागे. पोरीच्या तोंडून नावं गेली, तर आपल्यानंतर वना पुन्हा उपाशी. दुसरीकडे, पोरीला प्रभूच्या मेजावरून वर्षभर उठवायचं. तेही कशापायी? आपल्या घरच्यांपायी. आजी काय म्हणाली असती? तिनं समोरच्या पोराला आधी वाढलं असतं.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे," आबांनी सांगितलं. "आनि मंग लगेच, आमच्या अपराधांची क्षमा कर."

"मग त्यांना कोण देईल?"

"मी म्हनसू."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"विसरसू तैन्हा देखू. म्हन."

ज्योतीनं म्हटली. सातव्या वेळी ती सरळ पार झाली. आबांनी "शाबास" म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ पाणी पीत राहिले.

रविवारी सकाळी फादरांनी तिला वेदीमागच्या खोलीत, साक्रिस्तीत, बोलावून पुन्हा ऐकलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पास.

मंडपात दीडशे माणसं होती. आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवून प्लॅस्टिकचं फूल आणि शाल दिली होती. उकाड्यात शाल कुणी खांद्यावर ठेवेना. फादरांनी उपदेश छोटाच केला. येशूच्या आजी-आजोबांबद्दल शास्त्रात एक ओळ नाही, ते म्हणाले, तरी आज त्यांचा सण आपण करतो. कुणाच्या तरी आजीनं ती नावं नातवंडांना सांगितली असणार. एवढं बोलून ते थांबले, तेव्हा उपदेश संपला हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला.

मग प्रभूची प्रार्थना. सगळे एका सुरात भाकरीच्या ओळीपर्यंत आले, आणि वेदीवर फादर गप्प झाले. हात पसरलेले, डोळे मिटलेले. दीडशे माणसांच्या तोंडाला वेग होता. मागचे काही अपराधांत शिरले, पुढचे गप्प बघून लाजून परत आले. पेटीवाल्याला वाटलं फादर विसरले. त्यानं खाकरून आठवण करून दिली. फादर हलले नाहीत.

ज्योतीनं वळून आबांकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते. शब्द दिला होता ना. आबांनी मात्र घाई न करता, एकेकाला पाटावर बसवावं तशी नावं घेतली. त्यांच्या शेजारची म्हातारीही काहीतरी पुटपुटत होती. तिची तिची माणसं असतील.

शेवंताबाईपाशी आबांचे ओठ थांबले. फादरांनी डोळे उघडले. "आमच्या अपराधांची क्षमा कर," ते म्हणाले, आणि सगळे निघाले.

दाराशी फादरांनी आबांना गाठलं. "हे दर रविवारी जमणार नाही हं, आबा."

"नही ना," आबा म्हणाले. "वरीसले एकदाव बी बठ्ठा अकरास्नं पोट भरी जाई."

दुपारी घरी पंगत. कामिनीनं चिकन केलं होतं आणि आबांसाठी कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर. पांढर्‍या फ्रॉकवर टॉवेल बांधून ज्योती आबांच्या शेजारी बसली होती. जेवता जेवता ती हळूच म्हणाली, "आबा, तुमचं नाव कुठे घ्यायचं? शेवंताबाईच्या आधी की नंतर?"

कामिनीचा हात वाढता वाढता थांबला. "ज्योती! काय विचारतेस?"

"इचारू दे तिले," आबा म्हणाले. त्यांनी खरंच विचार केला. "नंतर. ती पहिले गयी."

"आणि कोणतं? चर्चमधलं फ्रान्सिस, की चिंधा?"

"चिंधा. फ्रान्सिस म्हनशी त माले समजाव नही कोनले बलाई र्‍हायनी."

ज्योतीनं मान हलवली. मग बोटांच्या पेरांवर अकरा मोजले, बाराव्यासाठी आबांचं बोट धरलं, आणि तिचे ओठ हलू लागले.

"आते नको," आबा म्हणाले. त्यांनी बोट सोडवलं नाही. दुसर्‍या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. "आजना दिन मन्ही भाकर आठेच ताटमा शे."